पट्टा नेमका कुणाला बांधायचा?

ते रील तुमच्याही फोनवर आलं असेल. बाप दारातून आत येतो, कमरेला हात घालतो, बक्कल खणकतं आणि आतल्या खोलीत पोरगं घाईघाईत पुस्तक उलटंच धरून बसतं. मागे हसण्याचा आवाज. खाली कमेंटची रांग: आमचं लहानपण म्हणजे हेच, बाबांच्या पट्ट्याने घडलो, आजच्या पोरांना काय कळणार. मीही अशी रील्स पुढं ढकलली आहेत. शाळेच्या ग्रुपवर कुणी किती फटके खाल्ले याचा हिशोब मांडून रात्री एक वाजेपर्यंत हसलोय.

हा लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे. म्हणजे माझ्याही विरोधात आहे.

माझे वडील, आमचे अण्णा, नांदेडच्या मोंढ्यात मुनीम होते. कमरेला तपकिरी चामडी पट्टा, पितळी बक्कल. कपडे बदलायचे, पट्टा तोच. रात्री तो दाराआडच्या खुंटीला लटकायचा आणि झोपताना माझं तोंड नेहमी त्या खुंटीकडं असायचं. आठवीत गणितात 38 मार्क पडले तेव्हा तो खाली उतरला. आई उठली आणि तिने दार लावून घेतलं. मारू नका म्हणायला ती उठली नव्हती, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून उठली होती. एक फटका बक्कलासकट बसला. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला शर्ट काढायची वेळ आली तेव्हा पोट दुखतंय म्हणून मी वर्गात बसून राहिलो.

अण्णा राक्षस नव्हते. त्यांनीच नंतर शेटजींकडून उचल घेऊन मला लातूरला ठेवलं, क्लासची फी भरली, मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला पोचवले. त्यामुळंच ही गोष्ट बोलायला अवघड आहे. मारणारा माणूस वाईट असता तर केव्हाच बोललो असतो. चांगल्या माणसाने मारलं की आपण माराला चांगलं म्हणायला लागतो.

पट्टा या वस्तूचा असा अपमान आपल्या भाषेला मान्य नाही. मराठीत ‘कंबर कसणे’ म्हणजे स्वतःला तयार करणं. आपली कंबर आपण कसायची, दुसऱ्याची नाही. लेकरू जन्मलं की त्याच्या कमरेला काळा करदोडा येतो. दृष्ट लागू नये, जीव सुखरूप राहावा, एवढीच त्यामागची इच्छा. नऊवारीवर चांदीचा कमरपट्टा येतो तो शोभेसाठी, पण निऱ्याही त्यानेच जागच्या जागी राहतात. आमच्या नांदेडला, जिथं 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, तिथं सेवेला उभा राहणारा शीख कमरेला कमरकसा बांधतो. खांद्यावरून येणारा गात्रा कृपाण जागेवर धरून ठेवतो. शस्त्र जवळ आहे, पण आवरलेलं आहे, हे सांगणारा तो पट्टा.

दुसऱ्या बाजूचेही पट्टे आहेत. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सांगतो की याला मालक आहे. साहेबाच्या दारावरचा शिपाई ‘पट्टेवाला’ झाला, कारण छातीवरून गेलेला पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला हा माणूस कुणाच्या हुकुमाचा ते सांगायचा. इथं पट्टा जीव जपत नाही, मालकी दाखवतो.

आता बापाचा पट्टा बघा. कमरेला असतो तेव्हा तो आवरण्याचं साधन असतो. काढून हातात घेतला की मालकीचं. ज्या वस्तूने माणसाने स्वतःला बांधायचं, ती सोडून तो लेकरावर चालवतो, आणि त्याला आपण शिस्त म्हणतो. शिस्त सुटली ती कुणाची?

‘घरातली गोष्ट आहे, एवढं काय’ असं कुणी म्हणेल. पण घरात शिकलेली गोष्ट घरात राहत नाही. जून 2018 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात मातंग समाजातली दोन अल्पवयीन पोरं एका विहिरीत पोहली. त्यांना नागडं करून पट्ट्याने आणि काठीने मारलं गेलं आणि त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. तो व्हिडिओ बघून आपण हादरलो. पण त्यातली हालचाल आपल्या ओळखीची होती. पट्टा काढणं, दुहेरी करणं, लेकराला पळायला जागा न ठेवणं. हे कुणी वर्गात शिकवत नाही. आपल्याहून लहान, आपल्याहून दुबळ्या माणसाच्या अंगावर आपला हक्क आहे हा धडा माणूस पहिल्यांदा घरात गिरवतो. पुढं तो जात बघून, पैसा बघून, बाईमाणूस बघून वापरतो. आणि गंमत बघा, चामडं कमावणाऱ्या, पट्टा शिवणाऱ्या हातांना या समाजाने शिवून घेतलं नाही. तोच पट्टा चालवणाऱ्या हाताला मात्र ‘कडक बाप’ म्हणून मान दिला.

लातूर आणि नांदेड ही दोन शहरं आज मार्कांवर जगतात. लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात संध्याकाळी उभं राहा. पाठीला सॅक लावलेली, सतरा-अठरा वर्षांची पोरंपोरी लोंढ्याने जाताना दिसतील. तुमच्यातले कितीतरी त्या लोंढ्यात असतील. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीडकडून येणाऱ्या प्रत्येक पोरामागं घरी कुणीतरी जमीन, दागिना किंवा झोप गहाण टाकलेली असते. हे ओझं खरं आहे आणि त्याची टिंगल मला करायची नाही. पण ‘एवढे पैसे ओतले’ या वाक्याचा शेवट कधी कधी कुठं होतो ते जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात दिसलं. नीटच्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून बापाने मुलीला जात्याच्या लाकडी खुंट्याने मारलं आणि ती गेली. बाप अडाणी नव्हता, शिक्षणाच्याच क्षेत्रातला होता. सराव परीक्षा होती, खरी नव्हे.

त्या बातमीखाली सगळ्यांनी ‘विकृत’ असं लिहिलं. मला तो शब्द फार सोयीचा वाटला. विकृत म्हटलं की तो आपल्यातला राहत नाही. पण तोही लेकराच्या भल्यासाठीच मारत होता असं त्याला वाटत असणार. पट्टा आणि खुंटा यांत वजनाचा फरक आहे, विचाराचा नाही.

‘मार खाल्ला म्हणून घडलो’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, स्वतःही केलाय. त्यात एक साधी चूक आहे. हे वाक्य म्हणायला जे उरलेत तेच ते म्हणतात. मार खाऊन शाळा सोडलेला, घर सोडून पुण्याच्या गाडीत बसलेला, आजही बापासमोर शब्द न फुटणारा माणूस आपल्या ग्रुपवर नसतो. आणि जे घडले ते मारामुळं घडले की मार असूनही, हे तपासलं कुणी? तपासलंय. 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या 69 अभ्यासांचा आढावा आला. शारीरिक शिक्षेने मुलांचं वागणं सुधारत नाही, उलट बिघडत जातं, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला, महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसला होता. कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

‘ही आपली संस्कृती आहे’ हाही दावा तपासून घ्या. स्कॉटलंडच्या शाळांमध्ये मास्तर जाड चामड्याचा, टोकाला चिरलेला पट्टा पोरांच्या तळहातावर मारायचे. लोचगेली नावाच्या गावात खोगीर बनवणारा कारागीर तो बनवायचा, आणि त्या गावाचंच नाव पट्ट्याला पडलं होतं. तिथलेही लोक म्हणायचे, यानेच आम्ही सरळ झालो. दोन आया त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 1982 मध्ये जिंकल्या. 1987 मध्ये सरकारी शाळांतून पट्टा हद्दपार झाला. 2020 मध्ये तर स्कॉटलंडने आईबापांच्याही हातातून तो काढून घेतला. तेव्हा पट्ट्याने मारणं ही ना मराठी संस्कृती, ना मराठवाड्याची. जिथं मोठ्यांना कुणी जाब विचारत नाही तिथं ते सापडतंच.

आपल्याकडं शाळेतला मार बंद झाला तो शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने, 1 एप्रिल 2010 पासून. कागदावर तरी. बालन्याय कायदा 2015 चं कलम 75 सांगतं की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण करून विनाकारण यातना दिल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण 12 वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला जुन्या दंडसंहितेचं कलम 89 संरक्षण द्यायचं. 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता आली, तेव्हा इंग्रजांची गुलामी संपली असं सांगितलं गेलं. ते कलम मात्र 27 नंबर घेऊन आत येऊन बसलं. जिवावर बेतणाऱ्या किंवा गंभीर इजेला ते माफी देत नाही हे खरं. पण पाठीवरच्या वळांसमोर ‘भल्यासाठीच मारलं’ म्हणायची वाट ते मोकळी ठेवतं. नेपाळने 2018 मध्येच घरातल्या मारासकट सगळी शारीरिक शिक्षा बंद केली. साठाहून अधिक देशांनी केली. आपण का नाही, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदाराला विचारलेला मी अजून ऐकला नाही.

आता दुसऱ्या पट्ट्याकडं येतो, कारण त्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.

गेल्या दिवाळीत अण्णांना घेऊन मी नांदेडहून लातूरला निघालो. गाडी दोस्ताची. लोहा येईपर्यंत लक्षात आलं की अण्णा बेल्ट न लावता बसलेत आणि तरी गाडी ठणाणा करत नाही. बघितलं तर बेल्टच्या खाचेत नुसती पत्र्याची क्लिप. अलार्म गप्प बसवायला अशा क्लिपा मिळतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकायला मनाई केली, आणि तेरा हजारांहून जास्त लिस्टिंग काढली गेली. इतक्या जागी त्या विकायला होत्या.

“अण्णा, बेल्ट लावा.”

“पोटाला काचतंय रे. आन् आपुन काय मुंबईला चाललाव का?”

ज्या भागाने 3 जून 2014 ला गोपीनाथ मुंडेंसाठी ऊर बडवून घेतला, त्या भागातला माणूस हे म्हणत होता. मुंडे दिल्लीत मागच्या सीटवर बसले होते, बेल्टविना. बेल्ट असता तर ते वाचले असते असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन जाहीरपणे म्हणाले होते. आपण पुतळे उभारले, चौकांना नावं दिली, बेल्ट लावायचं राहून गेलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात बेल्ट न लावलेले 16,715 लोक अपघातांत गेले. त्यातले निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे, हे आपल्या कितीजणांच्या घरी माहीत आहे?

तर हा आमचा मराठवाडी बाप. जो पट्टा जीव वाचवतो तो त्याला काचतो. जो पट्टा लेकराला वळ उठवतो तो त्याला शिस्त वाटतो. स्वतःवर बंधन नको आणि दुसऱ्यावर हवं, या एकाच खोडीची ही दोन रूपं आहेत. बापाचंच कशाला, आपलंही तेच. पुढच्या सीटवर मोबाइल हातात धरून, बेल्ट पाठीमागून अडकवून बसणारे आणि धाकट्या भावाच्या कानाखाली वाजवणारे आपणच आहोत.

मी गाडी बाजूला घेतली. बेल्ट लागल्याशिवाय पुढं जाणार नाही म्हणालो. अण्णा दोन मिनिटं बाहेर बघत बसले, मग क्लिप उपटून काढली आणि बेल्ट लावला. अहमदपूर ओलांडल्यावर मी तो दुसरा विषय काढला. आठवी, गणित, 38 मार्क. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तवा सगळेच मारत होते बाबा.” माफी नव्हती ती. पण पहिल्यांदाच त्यांनी ‘तुझ्या भल्यासाठी मारलं’ असं म्हटलं नाही. चाकूरपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमच्याकडून मला फार मोठं काही नको. पुढच्या वेळी ते रील आलं की पुढं ढकलू नका. ग्रुपवर कुणी फटक्यांचा हिशोब मांडला तर एकदा विचारा, तुझ्या पोराला मारशील का? शेजारच्या घरातून आवाज आला तर दार लावून घेऊ नका. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. घरी धाकटं कुणी असेल तर दाराआडच्या खुंटीवरचा पट्टा उचलून कपाटात ठेवा, बापाच्या पँटीसोबत. त्याची जागा तीच आहे.

आणि गाडीत बसलात की पहिला पट्टा स्वतःला बांधा.