धरण उशाला, बोअर अंगणात

मी इगतपुरी तालुक्यातला म्हटलं की हॉस्टेलवरची पोरं हसतात. "तुला काय रे पाण्याची काळजी? तुमच्याकडे छत्रीसुद्धा कुजते!" खरं आहे. आमच्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. १९१६ सालच्या दारणा धरणाचं पाणी गोदावरीच्या कालव्यांतून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उसाला जातं, वैतरणेचं मुंबईच्या नळाला. आणि एप्रिल-मे आला की आमच्याच वाड्या-पाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात.

"धरण उशाला, कोरड घशाला" असं म्हणून मुंबईला दोष दिला की आम्ही मोकळे! मीसुद्धा तेच करायचो. गेल्या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा मात्र पंचाईत झाली. चार वर्षांपूर्वी बाबांनी उन्हाळी टोमॅटोसाठी २५० फुटांचा बोअर मारला. गावाची पिण्याची विहीर तिथून दोन मिनिटांवर. पूर्वी मेपर्यंत टिकणारी ही विहीर यंदा मार्चमध्येच आटली. शेजारच्या काकू रिकामा हंडा घेऊन आल्या नि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या बोअरला आहे ना रे पाणी?" मला मान वर करता आली नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून जरा खोलात जाऊ. आमच्याखाली काळा बेसॉल्ट आहे. पाणी साठतं ते फक्त वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. बाकीचं उतारावरून वाहून जातं. या भेगा आतून एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. त्यामुळे खोल बोअर बहुतेक वेळा नवं पाणी आणत नाही, शेजारच्या विहिरीतलंच ओढतो. सातबारा वेगळा असला तरी खालची टाकी एकच!

कायदा नाही असंही नाही. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, असं १९९३ चा कायदा सांगत होता. त्यानंतरचा २००९ चा कायदा २०१४ पासून लागू झाला. शेती-उद्योगासाठी ६० मीटरहून खोल बोअरला मनाई करण्याची तरतूद त्यात आहे. आमचे २५० फूट म्हणजे ७६ मीटर. गणित तुम्हीच करा.

हिवरे बाजारला पाऊस आमच्या सातव्या हिश्श्याइतकाही नाही. पण तिथे ग्रामसभेने शेतीसाठी बोअर बंद केले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून मगच पिकं ठरवतात. आमच्याकडे पाऊस भरपूर, हिशोब शून्य!

बाबांशी बोललो. ते म्हणाले, "पलीकडच्या फार्महाऊसवाल्याचा आधी बंद कर, मग माझा." त्यांचंही चूक कसं म्हणू? एकट्याने पंप बंद केला तर टोमॅटो जळणार आणि पाणी शेजारचा ओढणार. म्हणूनच हे ग्रामसभेतच ठरायला हवं: सगळ्या बोअरची नोंद आणि विहीर अमुक पातळीला आली की शेतीचे सगळे पंप बंद, आमच्यासकट.

आणि मित्रांनो, आपण तरी कुठे वेगळे? हॉस्टेलची टाकी रोज सकाळी ओसंडून वाहते, तीही बोअरच्याच पाण्याने. त्या बोअरला मीटर बसवावा आणि सिव्हिलच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून आसपासच्या विहिरींची पातळी दरमहा मोजावी, अशी सरांना विनंती आहे. आमच्या गावच्या विहिरीची टेप मी धरतो. निदान पुढच्या उन्हाळ्यात काकूंना उत्तर देता येईल.