शब्दाला ३० पैसे

झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघाच्या संकुलाजवळ तर्री-पोहे खाताना एका तरुण लेखिकेनं मोबाइल पुढे केला. "सर, हे बघा." ८०० शब्द, शब्दाला ३० पैसे, झाले २४० रुपये. विषय पावसाळ्यात केस गळण्याचा. लेखाखाली तिचं नाव नाही. दोनदा दुरुस्त्या करून दिला, आणि मग समोरचा फोनच उचलेना.

हसावं तर आमचेही दिवस आठवले. लेख छापून आला की टपालानं अंक यायचा, मनीऑर्डर आली तर आली. निदान नाव तरी छापलेलं असायचं!

वाटा वाढल्या आहेत, हे खरं. बंगळुरूत २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठी कथामालिका चालतात आणि वाचकांच्या वर्गणीतून लेखकाला वाटा मिळतो. पण तिथं गोष्ट खपते, भाग रोखून धरता आला पाहिजे. आपल्यासारख्या लेखवाल्यांचं तिथं फारसं काम नाही. स्वतःचं संकेतस्थळ काढून जाहिराती लावायच्या, तर गुगलच्या अ‍ॅडसेन्सनं हिंदीला २०१४ च्या अखेरीस दार उघडलं. मराठीला आणखी काही वर्षं थांबावं लागलं.

तिला म्हटलं, दर आणि दुरुस्त्यांची मर्यादा आधी ईमेलवर लिहून घे, निम्मे पैसे आगाऊ माग. टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भर, नाहीतर ते पैसे तिकडेच राहतात.

तिनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "सर, आपल्या अंकाचं मानधन किती?"

मी आणखी एक प्लेट मागवली.