तरोटा आणि चक्रमर्द

पावसाच्या दोन-चार सरी झाल्या की नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडलगतच्या गोदामांमधल्या रिकाम्या प्लॉटांवर तरोटा माजतो. नव्या वसाहतींतले लोक त्याला तण म्हणतात. जुन्या बाया मात्र कोवळा पाला खुडून नेतात आणि भाजी करतात. कोकणात हाच टाकळा. संस्कृतात तो चक्रमर्द किंवा दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण. कातडीवर उठणारं त्याचं गोल चक्र जो चिरडतो तो चक्रमर्द. झाड कशावर चालतं, हे नावातच सांगून ठेवलेलं.

झाडांना नावं कशी पडतात, याचा विचार नरहरी पंडितांनी ‘राजनिघंटु’ या संस्कृत वनस्पतिकोशात केला आहे. त्यांनी सात आधार सांगितले. अंगावरची खूण हा एक, जसा सप्तपर्ण. उपमा हा दुसरा. आपल्या पळसाला किंशुक म्हणतात ते उपमेनंच. चोचीसारखी लाल फुलं पाहून कुणाला तरी प्रश्न पडला, हा पोपट तर नव्हे? प्रभाव, वीर्य (औषधी ताकद), रूढी हेही आधार आहेतच. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो देश्योक्तीचा, म्हणजे त्या-त्या मुलखातल्या बोलीचा. याच ग्रंथात संस्कृत नावांसोबत मराठी आणि कानडी नावं दिली आहेत. वनस्पती ओळखायची तर गुराखी, तापसी, रानात वावरणारे लोक यांना विचारा, असंही त्यात बजावलं आहे. संस्कृत कोशकार गुराख्याला जाणकार मानतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

नुसत्या संस्कृत नावावर भागत नाही, हेही खरं. शंखपुष्पी म्हणून उत्तरेत एक वनस्पती विकली जाते, तर केरळात गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. औषध घेताना हा घोळ महागात पडू शकतो, म्हणून शास्त्रीय नाव हवंच. पण बागांमधल्या झाडांवर पाट्या लावताना आपण तेवढंच लिहितो आणि बोलीतलं नाव गाळतो, हे चूक आहे.

बोलीतली नावं लोकच जपतात. संस्कृतातल्या ‘मधूक’ या झाडाचा ‘मोह’ लोकांच्या तोंडी झाला. हे नाव त्यांनीच टिकवलं. यंदाच्या पावसाळ्यात घरातल्या किंवा शेजारच्या आजीला रानभाज्यांची नावं विचारा. ती सांगेल तशीच, तिच्या गावाच्या नावासकट, वहीत उतरवून ठेवा.