शब्दाखालची नागमोडी रेघ

‘करायचं तर नीट करावं, नाहीतर हातच लावू नये.’ आपल्याकडे हे वाक्य सद्गुण म्हणून खपतं. त्याच्या पूर्वार्धाशी माझं भांडण नाही. उत्तरार्धाने मात्र किती घरांतल्या वह्या कोऱ्या राहिल्या असतील, देव जाणे.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. ही मंडळी हमखास पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे बोट दाखवतात. महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे पोथ्यापोथ्यांतले वेगवेगळे पाठ ताडून ठरवलेली संहिता : १९१९ साली काम सुरू, १९६६ साली पुरं, १,२५९ पोथ्या, १९ खंड. ‘एकेका अक्षरासाठी जीव टाकणारे होते म्हणून झालं. “चालतंय की” म्हणणाऱ्यांचं काम नव्हे ते!’ दाखला बिनतोड वाटतो, पण तो त्यांच्यावरच उलटतो.

कारण हे काम झालं कसं? १९२३ साली संस्थेच्या उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती छापली, ती विद्वानांनी चुका दाखवाव्यात म्हणून. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. आदिपर्व पुरं होईपर्यंत तेही थांबले नाहीत. १९२७ पासून ते भागाभागाने बाहेर पडू लागलं आणि १९३३ साली पुरं झालं. त्यानंतर नेपाळातून आदिपर्वाची फार जुनी पोथी हाती आली. सुकथनकरांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि काम पुढे चालू ठेवलं. आणखी जुनी पोथी मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर आज छापील पानही दिसलं नसतं. १९४३ साली ते गेले, तेव्हा बरीच पर्वं बाकी होती.

आणि मला सगळ्यात आवडते ती एक बारीकशी सोय. ज्या पाठाची खात्री नाही, त्याच्याखाली त्या आवृत्तीत नागमोडी रेघ असते. पाठ दिलेला असतो, शंकाही उघड असते. वगळलेले पाठ तळटीपांत, ज्याला पटत नसेल त्याने ते उचलावेत. व्यासांचे मूळ शब्दच सापडले असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल, तितकं जायचं. चोखंदळपणा म्हणतात तो याला.

कोणी म्हणेल, शस्त्रक्रियेत आणि पुलाच्या बांधकामात अशी रेघ चालेल का? नाही चालणार. पण तिथे किती नेमकेपणा पुरे, याचं माप ठरलेलं असतं आणि हात बसतो तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या देखरेखीखाली चुकत. ‘नाहीतर हातच लावू नये’वाल्याजवळ असं माप नसतंच. त्याला कामातली चूक बोचत नाही. ती चारचौघांना दिसेल, ही धास्ती असते. चोखंदळ माणूस कामाकडे बघतो, हा आरशात. छातीतल्या धडधडीला हा दर्जाची चाड म्हणतो, एवढंच.

हे मी कुंपणावर बसून बोलत नाही. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या. मी लिहून घेतल्या नाहीत, कारण आधी चांगलं ध्वनिमुद्रणयंत्र घ्यायचं होतं, ओव्यांचं वर्गीकरण कसं करतात ते शिकायचं होतं. यंत्र आलं, वर्गीकरणही शिकले. तोवर आत्याला ओवीचा पहिला चरण आठवला तर दुसरा आठवेनासा झाला होता.

आता दर रविवारी जाते, साधी दोनशे पानी वही घेऊन. एखाद्या दिवशी दोन ओव्या मिळतात, एखाद्या दिवशी नुसता चहा. परवा एक सांगताना ती एका शब्दाशी अडखळली. आधी ‘अंगणी’ म्हणाली, मग ‘अंगणात’, मग माझ्याकडेच बघत राहिली. मी ‘अंगणी’ लिहिलं, त्याच्याखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली आणि म्हटलं, ‘हं आत्या, पुढची?’