कालव्याचा रस्ता कोणाचा?

परभणी / प्रतिनिधी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणीकर अभिमानाने आणि तितक्याच मिश्कीलपणे सांगतात. जर्मनीशी बरोबरी करण्याजोगे या जिल्ह्यात नेमके काय आहे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचे एक उत्तर कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांत आहे. जर्मनीत जलवाहतुकीच्या कालव्यांलगत देखभालीसाठी केलेल्या रस्त्यांवरून सायकलस्वारांना स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याची मुभा आहे. डॉर्टमुंड शहरापासून उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा सायकल मार्ग बव्हंशी अशाच रस्त्यांवरून जातो. परभणीतही पाणी आहे, काठ आहे आणि काठावर रस्ताही आहे. हा रस्ता कोणाचा आणि त्याची निगा कोणी राखायची, एवढेच ठरलेले नाही.

हा प्रश्न आज उपस्थित होण्याचे एक कारण शहरांत आहे. पुण्या-मुंबईतील हौशी सायकलस्वारांमध्ये ‘ग्रॅव्हल बाइक’ हा नवा प्रकार रुजू लागला आहे. वाकडे हँडल शर्यतीच्या सायकलचे, टायर मात्र जाड आणि कमी हवेवर चालणारे, डिस्क ब्रेक आणि चढाला सोपे गिअर असे तिचे स्वरूप असते. डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम, शेतवाट आणि जंगलवाट तुडवणे हा तिचा हेतू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या छोट्या शहरात २००६ मध्ये मूठभर स्वारांनिशी सुरू झालेल्या खडीच्या रस्त्यावरील शर्यतीला आता दरवर्षी हजारो स्वार येतात. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. महामार्गावरील वाढत्या वाहनांना कंटाळलेला सायकलस्वार निर्धोक वाट शोधत आहे, हे या ओढीमागचे खरे कारण आहे.

अशी वाट परभणी जिल्ह्यात आहे आणि ती सायकलसाठी कोणी मुद्दाम केलेली नाही. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून निघून जालना जिल्हा ओलांडल्यावर तो पाथरी, मानवत आणि परभणी तालुक्यांतून जातो. उत्तरेस जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले येलदरी धरण आहे. त्याखालच्या सिद्धेश्वर धरणातून निघालेले कालवे वसमत आणि पूर्णा परिसर भिजवतात. सेलूजवळ निम्न दुधना प्रकल्प आहे, तर दक्षिणेस गंगाखेड भागात माजलगाव धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी येते. शिवाय गोदावरीवर ढालेगाव, मुदगल आणि डिग्रस येथे बंधारे आहेत.

मोठ्या कालव्याच्या एका काठाचा भराव रुंद ठेवतात. त्यावरून खात्याची जीप जावी, चौकीदाराने सायकलवरून फेरी मारावी, दरवाजे उघडावेत-बंद करावेत, गळती दिसली की वर्दी द्यावी, हा त्यामागचा हेतू. पाणी केवळ उताराने वाहत असल्याने कालवा जमिनीची पातळी धरून वळणे घेत जातो. त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम वीतभर असतो. म्हणूनच या काठाने जाणाऱ्या सायकलस्वाराला चढ असा जाणवत नाही. एका बाजूला संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, हळद, कापूस. खांबावर खंड्या, बांधावर टिटवी, चारीच्या तोंडाशी बगळे आणि शराटी. हिवाळ्यातील सकाळी यापेक्षा निवांत रस्ता मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

जंगलाच्या बाबतीत मात्र परभणीची झोळी रिकामीच म्हणावी लागेल. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि औंढा, कळमनुरीकडील वनक्षेत्र तिकडे गेले. आज वनाच्छादनात राज्याच्या तळाशी असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. जे काही उरले आहे, ते प्रामुख्याने जिंतूरच्या डोंगराळ भागात. नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची प्राचीन मंदिरे याच तालुक्यात आहेत. येलदरीचा जलाशय, जिंतूरचे माळ आणि पुढे कालव्याचा काठ असा प्रवास एका दिवसात होऊ शकतो. तो पावसाळ्यात मात्र अशक्य असतो. काळ्या जमिनीचा चिखल चाकाला असा चिकटतो की लाखाची सायकलही खांद्यावर घेऊन चालावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काय तो हंगाम.

प्रत्यक्षात या रस्त्यांची अवस्था ठिकठिकाणी बिकट आहे. वेड्या बाभळींनी काठ व्यापले आहेत, भरावाला घळी पडल्या आहेत, उसाच्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पावसाने वाहून गेलेला मुरूम वर्षानुवर्षे पुन्हा पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा सार्वजनिक रस्ताही नाही. तो कालव्याच्या बांधकामाचाच भाग आहे. १९७६च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमात अशा बांधकामावरून नियमाविरुद्ध गुरे वा वाहने नेण्याला प्रतिबंध करणाऱ्या तरतुदी आहेत. व्यवहारात मात्र याच रस्त्याने शेतकरी रानात जातो, ऊस कारखान्याला जातो आणि मुले शाळेला जातात. कागदावर रस्ता नाही म्हणून दुरुस्तीला निधी नाही आणि वापर मात्र साऱ्या गावाचा, अशी ही विचित्र स्थिती आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर परभणी शेवटाला येते. वरच्या भागात पाणी पुरते आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत कालव्याला ओल उरते, ही येथली अनेक वर्षांची तक्रार आहे. ज्याच्या शेताला पाणी मिळत नाही, त्याच्या बांधावर शहरातल्या हौशी माणसांच्या सायकली फिरवण्याच्या गोष्टी करायच्या काय?

या आक्षेपाचे उत्तर त्याच रस्त्यात दडलेले आहे. रस्ता मोडला की पाहणी थांबते. पाहणी थांबली की फुटलेला भराव, परस्पर टाकलेले पाइप आणि गंजलेले दरवाजे कोणाच्या नजरेस पडत नाहीत. टेलला जाणारे पाणी वाटेत मुरते ते अशाच ठिकाणी. म्हणजे काठाचा रस्ता धड असणे ही सायकलस्वाराची चैन नसून शेवटच्या शेतकऱ्याची गरज आहे. ती शाळकरी मुलींचीही गरज आहे. मानव विकास कार्यक्रमाअंतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. सायकल दिली, पण ती चालवायला वाट कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. रोजगार हमीतून शेतरस्ते करण्याची ही कल्पना चांगली आहे. ती कालव्याच्या काठापर्यंत पोहोचायला हवी.

दुसरा मुद्दा पाणथळींचा आहे. अस्तर उखडलेल्या कालव्यातून पाणी पाझरते, शेजारची जमीन चिबड होते आणि तेथे पाणकणीस माजते. शेतकऱ्याचे हे नुकसानच आहे, पण पाणकोंबड्यांना आणि बगळ्यांना तेथे आसरा मिळतो. कालव्यांचे अस्तरीकरण आणि बंद नलिकांतून पाणीवाटप ही आजची दिशा आहे. टेलपर्यंत पाणी न्यायचे तर ती योग्यही आहे. मात्र त्याने या लहान पाणथळी आटतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. पाणथळ संवर्धनाच्या २०१७च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. मराठवाड्यातील बहुतेक मोठ्या पाणथळी धरणांनीच निर्माण केल्या आहेत, त्यामुळे त्यांना या नियमांचे छत्र नाही. वास्तविक राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर हेही गोदावरीवरील बंधाऱ्यानेच घडवले. ते १९८६ मध्ये अभयारण्य झाले म्हणून टिकले आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेले. जायकवाडीचा जलाशयही त्याच वर्षी, १९८६ मध्येच, पक्षी अभयारण्य झाला. येलदरीकडे वा निम्न दुधनेकडे कोणी त्या नजरेने पाहणार असेल, तर आधी तेथपर्यंत माणसे जायला हवीत. सायकलस्वार आणि पक्षीनिरीक्षक ही अशी पहिली माणसे ठरू शकतात.

अर्थात, या कल्पनेचे रूपांतर ‘भव्य पर्यटन प्रकल्पा’त होणे हा सर्वात मोठा धोका आहे. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग २०१६ मध्ये गाजावाजा करून सुरू झाला. निगेअभावी काही वर्षांतच त्याची दुर्दशा झाली. याउलट उदाहरण अमेरिकेचे. वॉशिंग्टनजवळील जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या जागी मोटारींचा रस्ता करण्याचा घाट १९५०च्या दशकात घातला गेला. त्याची पाठराखण करणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये आव्हान दिले, की आधी माझ्यासोबत हा काठ चालून पाहा. त्या पदयात्रेनंतर संपादकांचे मत पालटले आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय उद्यान झाला. सुमारे २९७ किलोमीटरच्या त्या साध्या वाटेवर आज सायकली चालतात. पहिल्या उदाहरणात पैसा होता, धनी नव्हता. दुसऱ्यात आधी वाटेची किंमत कळली, नंतर व्यवस्था आली.

परभणीत करायचे ते थोडके आहे. काठावर डांबर नको, मुरूम टाकून रोलर फिरवला तरी पुरे. अवजड वाहनांना अटकाव हवा, शेतकऱ्याच्या बैलगाडीला नको. अस्तरीकरण झालेल्या कालव्याच्या गुळगुळीत उतारावरून पडलेल्या माणसाला वर येता येत नाही, म्हणून ठराविक अंतरावर पायऱ्या वा साखळ्या आणि आवर्तनाची सूचना देणारे फलक हवेत. देखभालीचे काम पाणीवापर संस्थांकडे सोपवता येईल. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५चा कायदा त्यासाठीच अस्तित्वात आहे. काठावरच्या रस्त्याची निगा हा त्या व्यवस्थापनाचाच भाग मानून तेवढा निधी संस्थेला द्यावा. आणि कालवा दुरुस्तीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात काठाच्या रस्त्याची बाब सक्तीची असावी.

शहरातला सायकलस्वार वर्षातून दोनदा येईल, चहा पिईल, छायाचित्रे काढील आणि परत जाईल. त्याच्यासाठी म्हणून कोणी रस्ता करू नये. पण ज्या वाटेवरून त्याची सायकल विनासायास जाईल, त्याच वाटेवरून चौकीदार टेलपर्यंत पोहोचेल, आठवीतली मुलगी वेळेवर शाळेत जाईल आणि शेतकऱ्याचा माल चिखलात रुतणार नाही. जर्मनीशी बरोबरी तूर्त बाजूला राहू द्या. कालव्याच्या शेवटच्या किलोमीटरपर्यंत रस्ता आणि पाणी दोन्ही पोहोचले, तरी परभणीने मोठी मजल मारली असे म्हणता येईल.