चिप आपली, लेखणी कोणाची?

गुजरातमधील धोलेरा येथील टाटा समूहाच्या चिप कारखान्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. ९१ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प अभिमान वाटावा असाच आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न मागे पडू नये. चिपवरील आकृती छापली जाते ती क्वार्ट्झच्या एका पट्टीवरून. तिला मास्क म्हणतात. या मूळ पट्टीवर आकृती नोंदवण्याचे काम इलेक्ट्रॉनांचा झोत करतो. अशी यंत्रे मुख्यत्वे जपान व ऑस्ट्रियात तयार होतात, आणि त्यांचा प्राण म्हणजे इलेक्ट्रॉन गन.

जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीतही इलेक्ट्रॉन गन असे. पण ‘रामायण’ पाहण्यास पुरेसा असलेला तो ठिपका मास्कवर चालवणे म्हणजे खराट्याने रांगोळी रेखाटणे होय. येथे लँथॅनम हेक्झाबोराइडच्या स्फटिकाचे बारीक टोक सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन ५० हजार व्होल्ट दाबाने पुढे ओढून घेतात. खरी मेख पुढेच आहे. सारे इलेक्ट्रॉन ऋणभारित. ते एकमेकांना दूर लोटतात. काम लवकर उरकावे म्हणून प्रवाह वाढवला तर रेघ फुगते. कमी केला तर मास्क लिहिण्यास लागणारे तास वाढत जातात. त्या तासांत तापमान किंवा निर्वात किंचितही ढळून चालत नाही. हे ज्ञान यंत्राच्या खोक्यात भरून येत नसते.

भारताला हा विषय अगदीच अपरिचित आहे असे नाही. मेघनाद साहांच्या प्रोत्साहनाने प्रा. एन. एन. दासगुप्ता यांनी १९४०च्या दशकात कोलकात्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला होता. तेथील अणुविज्ञान संस्थेच्या इमारतीची कोनशिला १९४८ मध्ये बसवली ती डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींनी, हेही अनेकांना ठाऊक नसते. पिलानीच्या ‘सीरी’ने सूक्ष्मलहरी नलिकांसाठी इलेक्ट्रॉन गन घडवल्या आहेत. मात्र तेथे ध्येय शक्तीचे, येथे सूक्ष्मतेचे.

अशी यंत्रे जगात थोडीच विकली जातात, मग हा खटाटोप कशाला, असे व्यवहारी मंडळी विचारतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिपनिर्मितीची यंत्रे देण्यावर निर्बंध घातले. विक्रेता ‘नाही’ म्हणू शकतो, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. डिसेंबर २०२१ च्या ७६ हजार कोटींच्या योजनेचा भर कारखाने, पॅकेजिंग व संरचना यांवर होता. यंत्रनिर्मितीकडेही तेवढ्याच गांभीर्याने पाहावयास हवे होते.

आरंभ लहान असला तरी चालेल. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या प्रयोगशाळांत इलेक्ट्रॉन झोताने लिहिणारी आयात यंत्रे आहेत. त्यांतील गनचे टोक झिजते आणि बदलावे लागते. निदान ते टोक तरी पुढील काही वर्षांत पिलानीत किंवा पुण्यात घडावे.