ओतूरचं पत्र

आपल्या शिनोलीच्या शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार चढतो, तो भिडेवाड्यातल्या शिक्षिकेला. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात दुष्काळाशी झुंजलेल्या सावित्रीबाई मात्र आपल्याला फारशा ठाऊक नाहीत. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात करपलेली शिवारं आहेत, गाव सोडणारी माणसं आहेत, सावकारांची दांडगाई आहे आणि सत्यशोधक समाजाच्या अटकेतल्या कार्यकर्त्यांना सोडवण्यासाठी कलेक्टरपुढे बेधडक मांडलेली बाजूही आहे. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पुण्यापासून दूर, पती सोबत नसताना केलेलं हे सरळसरळ राजकारण होतं.

कुणी म्हणेल, काम सत्यशोधक समाजाचं, पत्र तेवढं बाईंचं. शिवाय स्वतःच सांगितलेली हकिकत पुरावा कशी? पहिलं अर्धं खरं आहे, संघटनेविना हे झालंच नसतं. पण संघटनेच्या कामाचं श्रेय पुढाऱ्याला देताना पुरुषांच्या बाबतीत आपण इतके काटेकोर कधी असतो? आणि हे पत्र भाषण नव्हे. सहकाऱ्याला धाडलेला कामाचा अहवाल आहे, त्यात स्वतःच्या कौतुकापेक्षा ज्वारीची चिंता अधिक. या अंकातले लेखही कार्यकर्त्या बायकांकडे असंच, त्यांच्या कामावरून पाहतात.